अंकनियंत्रणाची लेखनपद्धती आणि घरगुती राउटर यंत्र

१

संगणकाच्या आज्ञेनुसार तीन दिशांना सरकणारे, लाकूड, प्लास्टिक आणि प्रसंगी ॲल्युमिनियम कापणारे छोटे राउटर यंत्र घरच्या घरी बांधणाऱ्या हौशी मंडळींचा एक वर्ग एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रथम अमेरिकेत व युरोपात आणि पुढे अन्यत्र उदयास आला. या यंत्राची रचना सामान्यतः अशी असते : एक सपाट पाट, त्यावरून मागेपुढे सरकणारी कमान, कमानीवरून डावीउजवीकडे सरकणारी गाडी, आणि गाडीवर वरखाली होणारी, कटर फिरविणारी मोटर. या गतींच्या अक्षांना एक्स, वाय व झेड अशी नावे आहेत. प्रत्येक अक्षाला एक स्टेपर मोटर जोडलेली असते. तिला विजेचा एक ठोका मिळाला की ती ठरावीक अंशातून फिरते आणि थांबते.

हे यंत्र घरात कसे आले, याचे उत्तर बहुधा अर्थशास्त्राच्या भाषेत दिले जाते. मोटरी स्वस्त झाल्या, जुन्या छपाईयंत्रांतून सुटे भाग मिळू लागले, संगणक घरोघरी आले, म्हणून यंत्रही आले, असे सांगितले जाते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. मोटर कितीही स्वस्त झाली तरी तिला काय सांगावयाचे आणि कोणत्या चिन्हांनी सांगावयाचे, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने यंत्राच्या इतिहासाकडे पाहावयाचे आहे. जी लेखनपद्धती गतीचे ज्ञान कारागिराच्या हातून काढून नियोजन-कचेरीत नेण्यास साधनीभूत झाली, तीच पुढे ते ज्ञान एका हाती परत येण्यासही कारण झाली, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

अंकनियंत्रणाचा उगम हेलिकॉप्टरच्या पात्यांत आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स यांच्या कंपनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी पाती तयार होत असत. पात्याच्या छेदाचा वक्राकार साचा अचूक कापणे ही तेथील मुख्य अडचण होती. पार्सन्स यांनी फ्रँक स्टुलेन या अभियंत्याच्या साहाय्याने छिद्रित कार्डांवर चालणाऱ्या गणनयंत्रांकडून त्या वक्रावरील पुष्कळ बिंदूंचे स्थानांक काढून घेतले. मग एक मनुष्य तक्त्यावरील आकडे मोठ्याने वाची, आणि दुसरे दोघे आपापल्या अक्षाचे चाक फिरवून कटर त्या बिंदूवर आणीत.

भाषेच्या अभ्यासकाने या दृश्यापाशी क्षणभर थांबावे. अंकनियंत्रणाचा आरंभ असा उच्चारातून झाला. वाचणारा, ऐकणारे आणि हालचाल, अशी ती साखळी होती. पुढील संशोधनाने या साखळीतील ऐकणारी माणसे काढून टाकली आणि आकडे थेट यंत्राला वाचावयास दिले.

इ. स. १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने पार्सन्स यांच्या कंपनीला या कामाचे कंत्राट दिले आणि त्यातील नियंत्रणाचा भाग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेच्या सर्वोमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेला. पार्सन्स यांची मूळ कल्पना एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जाण्याची होती. एमआयटीतील संशोधकांनी तिच्या जागी अखंड मार्गाची कल्पना स्वीकारली. तिच्यात तिन्ही अक्ष एकाच वेळी मेळ राखून सरकत असत. सिनसिनाटी कंपनीचे एक मोठे मिलिंग यंत्र छिद्रित कागदी फितीवर चालवून त्यांनी १९५२ च्या सप्टेंबरात त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. पार्सन्स व स्टुलेन यांना त्यांच्या शोधाचे पेटंट १९५८ मध्ये मिळाले.

फीत तयार करणे मात्र अतिशय कष्टाचे होते. एका भागासाठी शेकडो आकडे हाताने काढावे लागत. हा भार संगणकावर टाकण्यासाठी डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली एमआयटीत एपीटी ही भाषा निर्माण झाली. तिच्यात बिंदू, रेषा, वर्तुळ यांना नावे देऊन ‘या रेषेच्या डावीकडून जा’ अशा अर्थाची विधाने करता येत. २५ फेब्रुवारी १९५९ रोजी ती वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींपुढे मांडण्यात आली आणि तिच्या साहाय्याने कापलेले ॲल्युमिनियमचे रक्षापात्र प्रत्येकाला भेट देण्यात आले. अणुशक्ती व क्षेपणास्त्रे यांच्या त्या युगात इतक्या खर्चाच्या संशोधनाचे प्रतीक म्हणून सिगारेटची राख झाडण्याचे भांडे निवडले जावे, हा योगायोग मनोरंजक आहे. आजच्या घरगुती कार्यशाळेतही नवे यंत्र बहुधा नावाची पाटी, पेल्याखालची चकती यांसारखी एखादी किरकोळ वस्तूच प्रथम कापते.

३

अंकनियंत्रण हा त्या काळचा एकमेव मार्ग नव्हता. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत दुसरी एक पद्धत सिद्ध झाली होती. कुशल कारागिराने पहिला भाग स्वतः कापावयाचा, त्याच्या यंत्राच्या सर्व हालचाली चुंबकीय फितीवर मुद्रित करावयाच्या आणि पुढील भागांसाठी ती फीत पुन्हा वाजवावयाची, अशी ती योजना होती. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी आपल्या १९८४ सालच्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात या दोन मार्गांची तुलना केली आहे. मुद्रणपद्धतीत कारागीर हाच ज्ञानाचा कर्ता राहत होता, तर अंकपद्धतीत त्याचे कर्तृत्व कचेरीतील नियोजकाकडे जात होते. म्हणूनच हवाई दल व व्यवस्थापकवर्ग यांना अंकपद्धती अधिक रुचली, असा नोबल यांच्या विवेचनाचा आशय आहे.

हे मत सर्वस्वी स्वीकारता येत नाही, आणि सर्वस्वी टाकताही येत नाही. पार्सन्स यांच्यासमोरचे वक्र गणिताने ठरलेले होते. ते हाताने अचूक कापणेच दुष्कर असल्याने मुद्रित करण्याजोगी मूळ हालचालच उपलब्ध नव्हती. दुसऱ्या बाजूस, यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिराला फितीतील आज्ञा बदलू द्याव्यात की नाहीत, यावरून अमेरिकन कारखान्यांत प्रत्यक्ष वाद झाले, हेही खरे आहे. तेव्हा सत्तेचा प्रश्न काल्पनिक नव्हता.

तथापि या दोन पद्धतींमधील भेद आणखी एका अंगाने पाहता येतो. तो ध्वनिमुद्रण आणि लिपी यांमधील भेद आहे. मुद्रित केलेले भाषण वक्त्याच्या सर्व लकबींसह जपले जाते. परंतु त्यातील एखादा शब्द बदलावयाचा असेल तर वक्त्याला पुन्हा बोलवावे लागते. लिहिलेल्या वाक्यातील शब्द कोणीही साक्षर मनुष्य खोडू शकतो. मुद्रित हालचाल कारागिराशी अधिक प्रामाणिक असली, तरी ती दुसऱ्याला वाचता येत नव्हती. लिखित हालचाल कारागिराला परकी असली, तरी ती वाचता, सुधारता, लहानमोठी करता आणि दूरस्थ मनुष्याकडे धाडता येत होती. घरगुती यंत्राच्या इतिहासाचे बीज या गुणात आहे.

४

त्या लेखनपद्धतीचे स्वरूप आता पाहू. अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० च्या दशकात तिला आरएस-२७४ या क्रमांकाखाली प्रमाणित रूप दिले. तिची ‘डी’ ही आवृत्ती १९८० मध्ये संमत झाली, आणि १९८२ मध्ये आयएसओ ६९८३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात तिचा अंतर्भाव झाला. लोकव्यवहारात तिला ‘जी-कोड’ म्हणतात.

तिच्यातील शब्द एक अक्षर व एक संख्या यांचा बनतो. ‘जी ०१ एक्स ५० वाय २० एफ ६००’ या ओळीचा अर्थ असा की, मिलिमीटरात एक्स ५०, वाय २० या बिंदूपर्यंत मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने सरळ रेषेत कापीत जावे. पुढच्या ओळीत केवळ ‘एक्स ८०’ एवढेच लिहिले तरी चालते. सरळ रेषा, वेग आणि वाय अक्षावरील स्थान ही मागील ओळीतून आपोआप पुढे येतात. गोलाईची आज्ञा किंवा दुसरा वेग येईपर्यंत आधीचा अंमल टिकून राहतो.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे पाणिनीच्या अनुवृत्तीची आठवण होणे अपरिहार्य आहे. अष्टाध्यायीत पूर्वसूत्रातील पद उत्तरसूत्रांत चालू राहते आणि योग्य स्थळी त्याची निवृत्ती होते. जी-कोडातही आज्ञांचे गण कल्पिलेले आहेत. एका गणातील नवी आज्ञा आली की त्याच गणातील जुनीची निवृत्ती होते, इतर गणांतील आज्ञांना बाध येत नाही. काही आज्ञा, उदाहरणार्थ क्षणभर थांबण्याची ‘जी ०४’, केवळ आपल्या ओळीपुरत्याच लागू असतात. या दोहोंत ऐतिहासिक संबंध आहे असे सुचविण्याचा हेतू नाही. समान गरजेतून समान उपाय निघाला, एवढेच म्हणावयाचे आहे. सूत्र मुखोद्गत करावयाचे असल्याने वैयाकरणांना लाघव हवे होते. अमेरिकन अभियंत्यांना ते हवे होते, कारण कागदी फितीवर प्रत्येक अक्षरासाठी छिद्रांची एक ओळ पाडावी लागे.

लाघवाची किंमतही दोन्हीकडे सारखीच आहे. सुटे सूत्र जसे संदर्भावाचून लागत नाही, तशी जी-कोडाची सुटी ओळही लागत नाही. ‘जी ९०’चा अंमल असेल तर ‘एक्स ८०’ म्हणजे आरंभबिंदूपासून ८०, आणि ‘जी ९१’चा असेल तर आहे तेथून आणखी ८०. कार्यक्रम मध्येच थांबवून तिथूनच पुन्हा सुरू करणाऱ्या नवशिक्याचे कटर पाटात घुसते, त्यामागे पुष्कळदा हे तुटलेले संदर्भसूत्र असते.

५

ही पद्धती घरात शिरली ती दोन पायऱ्यांनी. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या शासकीय संस्थेने १९९० च्या दशकात सामान्य संगणकावर चालणारा यंत्र-नियंत्रक तयार केला आणि २००० मध्ये त्यातील जी-कोड वाचणाऱ्या भागाचे सविस्तर विवरण प्रसिद्ध केले. अमेरिकेत शासकीय सेवकांनी शासनासाठी केलेल्या लेखनावर स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे हे काम सर्वांना खुले झाले. स्वयंसेवकांनी ते पुढे चालविले, आणि तेच आज लिनक्ससीएनसी या नावाने प्रसिद्ध आहे. संगणकाच्या छपाईयंत्रासाठी असलेल्या पॅरलल पोर्टातून मोटरींना ठोके धाडण्याची युक्ती त्या काळी सार्वत्रिक होती.

दुसरी पायरी २००९ ची. इटलीतील इव्रेया येथे २००५ मध्ये निर्माण झालेल्या आर्दुइनो या स्वस्त विद्युत्-फलकावर चालणारा ‘जीआरबीएल’ हा नियंत्रक नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी लिहून सर्वांना खुला केला. ज्या फलकावर तो स्थिरावला, त्याची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट होती. एवढ्या जागेत मोठी भाषा मावली नसती. परंतु फितीसाठी आखडलेली ओळ तीत सहज मावली. वर दिलेली पूर्ण ओळ रोमन लिपीत वीस अक्षरांच्या आत बसते. नियंत्रकाने ती वाचावी, गतीत रूपांतरित करावी आणि विसरून जावे. कागद वाचविण्यासाठी केलेली काटकसर अर्धशतकानंतर स्मृती वाचविण्याच्या कामी आली. २०११ मध्ये एडवर्ड फोर्ड यांनी अमेरिकेत लोकवर्गणीतून पुढे आणलेल्या ‘शेपोको’ या जोडून घेण्याच्या राउटरने हाच नियंत्रक वापरला.

यंत्राच्या दृष्टीने हे ओझे किती, हे गणिताने स्पष्ट होईल. नेहमीची स्टेपर मोटर २०० ठोक्यांत एक फेरा करते. प्रत्येक ठोक्याचे ८ भाग केल्यास फेऱ्याला १६०० ठोके होतात. स्क्रूच्या एका फेऱ्यात गाडी ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरला ३२० ठोके पडतात. मिनिटाला १५०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर, या वेगाला सेकंदास ८००० ठोके पुरतात. जीआरबीएलची मर्यादा सुमारे ३०,००० आहे.

६

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पहिली अशी की, मिलिमीटरला ३२० ठोके म्हणजे तेवढी अचूकता नव्हे. लाकडी कमान वाकते, स्क्रू व नट यांत सैलपणा असतो, पट्टा ताणतो. शिवाय एमआयटीचे यंत्र आपले स्थान मोजून नियंत्रकाला उलट कळवीत असे. साधे घरगुती यंत्र तसे करीत नाही. आपण कोठे असावयास हवे एवढेच त्याला ठाऊक असते, प्रत्यक्षात कोठे आहोत हे ठाऊक नसते. कटर अडकून मोटरीचे काही ठोके वाया गेले, तरी ते त्याच विश्वासाने पुढचा सर्व आकार चुकीच्या जागी कापीत राहते.

दुसरी गोष्ट अशी की, लेखनात सर्व ज्ञान उतरत नाही. वेगाचा आकडा ओळीत लिहिता येतो. परंतु तो आकडा बरोबर आहे हे कटरच्या आवाजावरून, निघणाऱ्या भुशाच्या जाडीवरून आणि लाकडाच्या वासावरून कळते. स्वच्छ कापताना भुसा पातळ सालींसारखा निघतो. वेग फार कमी ठेवला तर त्याची पूड होते आणि लाकूड करपते. हे जुन्या सुताराला ठाऊक होते, आणि घरी यंत्र बांधणाऱ्याला ते नव्याने शिकावे लागते. नियोजक आणि कारागीर या कारखान्यात दुभंगलेल्या भूमिका त्याच्या ठायी पुन्हा एकत्र येतात. तोच आकृती काढतो, तोच आज्ञा लिहितो, तोच लाकूड आवळून बसवितो; आणि आवाज बिघडताच यंत्र थांबवून ओळीतील आकडा खोडणाराही तोच असतो. या खोडण्याच्या अधिकारावरूनच कारखान्यांत तंटे झाले होते.

कसब लिहून काढले की ते कसबी माणसापासून हिरावले जाते, अशी एक धारणा आहे. कसब लिहून काढले की ते सुरक्षित होते, अशी दुसरीही आहे. सुतार, कातारी, तांबट यांची शब्दसंपदा गोळा करणारे आपण अभ्यासक बहुधा दुसऱ्या धारणेवर विसंबून असतो. जी-कोडाचा इतिहास दोन्हींना मर्यादा घालतो. अंमल, अक्षर व संख्या यांची ही पद्धती कारखान्यात होती तीच घरात आली. तिच्या व्याकरणात मुळीच पालट झाला नाही. बदलले ते वाचणारे, लिहिणारे आणि खोडणारे हात. म्हणून एखाद्या व्यवसायाचे ज्ञान लेखनबद्ध करताना ते किती पूर्ण उतरले, एवढेच विचारून भागत नाही. ज्याचे ते ज्ञान, त्याला ते लेखन वाचता येते काय आणि त्यात दुरुस्ती करण्याची त्याला मोकळीक आहे काय, हेही तितक्याच आग्रहाने विचारावयास हवे.