जोखमी हुंडी

कच्छ-मांडवीचा व्यापारी मुंबईच्या पेढीकडे कापूस गलबताने धाडायचा. माल पोचून विकेपर्यंत पैशांसाठी थांबणे परवडणारे नव्हते. म्हणून तो त्या पेढीवर हुंडी लिहायचा आणि गावातल्याच सराफाला विकून रोकड घ्यायचा. इथवर सारे नेहमीचे. हुंडी ‘जोखमी’ असली, की तिच्यात मालाचा नि गलबताचा उल्लेख येई आणि अट एकच: माल बंदरात सुखरूप लागला तर पैसे. गलबत बुडाले, तर सराफाची रक्कमही बुडाली. व्यापाऱ्याकडे मागायची सोय नाही.

माझी नोकरी बँकेत, निर्यात बिलांच्या खात्यात झाली. बिल निराळे, विम्याचा कागद निराळा, दोन्ही टाचून समोर येत. जोखमी हुंडीत दोन्ही कामे एकाच चिठोऱ्यावर उरकत, तीही उलट्या क्रमाने. विमा कंपनी नुकसान झाल्यावर पैसे देते. सराफ आधीच मोजून देई आणि माल पोचला तरच परत घेई. या जोखमीपोटी हुंडणावळ, म्हणजे हुंडी घेताना सराफ कापून घेई ती रक्कम, चढी असे. दर्याच्या जोखमीला ऋतूही होता: ज्येष्ठ-आषाढात पश्चिम किनाऱ्यावर शिडाची वाहतूक बंदच. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला, की गलबते पुन्हा पाण्यात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती धोक्यांची वाटणी. दर्याचा धोका सराफाने विकत घेतला, भावाचा नाही. मुंबईत कापूस पडला म्हणून हुंडीचा आकडा कमी होत नसे. ती झळ मालधन्याची. माल पोचूनही पेढीने हुंडी सकारली नाही, तर सराफ लिहिणाऱ्यालाच धरी.

खोटेपणाचा बंदोबस्त हुंडीच्या मजकुरातच असे. रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट, असा आकडा फिरवून लिहीत. एका जागी खाडाखोड करून भागत नसे. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत ती पेठ, तीही हरवली तर तिसरी ती परपेठ. पटलेली हुंडी म्हणजे खोका.

आगबोटी आणि विमा कंपन्या आल्या, तशी जोखमी हुंडी मागे पडली. धनादेश न वटल्याचे खटले आजही ज्या १८८१च्या कायद्याखाली चालतात, त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढी राखून ठेवल्या आहेत.