कोंबडी शिजली हे कळतं कसं? चुलीपासून मायक्रोवेव्हपर्यंत



आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कोंबडीवर बोलायचं, आणि तेही मायक्रोवेव्हमधल्या! पण आमच्या शास्त्रातला एक फार जुना प्रश्न असा आहे : एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कळतं कसं? तोच प्रश्न आज आम्ही स्वयंपाकघरात नेणार आहोत. अमरावती-अकोल्याकडे गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्याचं उत्तर तीन-चार वेळा बदललं. शेवटच्या बदलात जुनं उत्तर निकामी झालं आणि नवं अजून बऱ्याच घरांत पोचलेलंच नाही. ज्यांच्या घरी कोंबडी शिजत नाही त्यांनीही बसून राहावं. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचा हा मुलूख आहे, बळीच्या कोंबड्या-बकऱ्यांना त्यांचा विरोध होता, हे आम्ही विसरलेलो नाही. पण स्वच्छतेची गोष्ट पुढे येणारच आहे, आणि ती तर त्यांचीच.

सुरुवात चुलीपासून करू. वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते, तुरीची तुराटी राहते, आणि वर्षाचं सरपण तिथूनच घरी येतं. पऱ्हाटी भरकन पेटते, मोठा जाळ देते आणि लवकर विझते, म्हणून चुलीपाशी कुणीतरी सतत बसून राहायला लागायचं. आखाडात किंवा पोळ्याच्या करीला गावरान कोंबडी शिजायची तेव्हा दीड-दोन तास एक बाई जाळ मागेपुढे करत भांड्यावर नजर ठेवून असायची. ही नजर म्हणजेच तेव्हाचं तापमापक. वास बदलला, रस्सा आळला, लाल तर्री वर आली, नळीचं हाड मांसातून सुटायला लागलं, की ती म्हणायची, ‘झालं व माय, उतरव आता.’ कुणी तिला तापमान विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे न्यायदर्शनातलं अनुमानाचं नेहमीचं उदाहरण. धूर हे लिंग, म्हणजे खूण. आग ही न दिसणारी गोष्ट. चुलीपुढची बाई हेच करत होती. तर्री आणि सुटलेलं हाड या खुणा, मांस आतपर्यंत शिजलं ही न दिसणारी गोष्ट. अनुमान टिकतं ते खूण आणि गोष्ट यांची सांगड पक्की असेल तोवर, या सांगडीला नैयायिक व्याप्ती म्हणतात. इथे ती फारच पक्की होती. गावरान कोंबडी पाच-सहा महिन्यांची, मांस चिवट. ते दाताखाली तुटण्याजोगं व्हायलाच इतका वेळ उकळावं लागायचं, की त्याच्या कितीतरी आधी त्यातले जंतू मेलेले असायचे. म्हणजे चवीची खूण आपोआप सुरक्षिततेचीही खूण होती. दोन वेगळे प्रश्न आहेत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण उत्तर एकच होतं.

पुढे दोन बदल झाले. १९५९च्या सुमारास हॉकिन्स, प्रेस्टिज यांचे प्रेशर कुकर देशात आले आणि हळूहळू आपल्याकडे पोचले. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. बघायला काही उरलं नाही, पण शिट्टी नावाची नवी खूण मिळाली, आणि तीही भरवशाची. दुसरा बदल कोंबडीतच झाला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि पुढच्या दोन दशकांत ब्रॉयलर गावोगाव पोचली. सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरणारा हा पक्षी. मांस कोवळं, दीड-दोन तासांऐवजी पंधरा-वीस मिनिटांत मऊ. इथेच सांगड पहिल्यांदा सैल झाली. ब्रॉयलर मऊ लागते म्हणून ती आतून पुरती तापली आहे, असं आता म्हणता येत नव्हतं. गॅसवर रस्सा उकळत होता म्हणून निभावून गेलं.

मग मायक्रोवेव्ह आला. त्याची कथा युद्धातली आहे. १९४०च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी मॅग्नेट्रॉनचं एक नवं रूप तयार केलं. विमानं शोधणाऱ्या रडारसाठी ते हवं होतं. त्याच वर्षी ते अमेरिकेला नेण्यात आलं. तिथे रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे, रीतसर फारसं न शिकलेले पण विलक्षण कल्पक अभियंता होते. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना खिशातली गोळी वितळली, अशी त्यांची गोष्ट सांगतात. १९४५मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७च्या सुमाराचं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच आणि तीनशे किलोंहून जड होतं. ओट्यावर मावणारं घरगुती यंत्र १९६७मध्ये अमाना कंपनीने काढलं. आपल्याकडे ते मध्यमवर्गीय घरांत दिसायला लागलं ते उदारीकरणानंतर.

अमरावती-अकोल्यात हे यंत्र बहुतेक घरांत कसं आलं, हे जरा आठवून पाहा. पुष्कळदा ते दुकानातून हौसेने आणलेलं नसतं. पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींनी दिलेलं असतं. ‘आई, आता गॅसपाशी उभी राहू नको.’ रुक्मिणीनगर असो की जठारपेठ, आज कितीतरी घरांत सत्तरी ओलांडलेली दोनच माणसं राहतात, काही घरांत एकच. मायक्रोवेव्ह सर्वांत जास्त वापरतात ती हीच माणसं, आणि अन्नातल्या जंतूंचा धोका सर्वांत जास्त आहे तोही याच वयाला. तरुणाला दोन दिवस जुलाब होतात आणि तो कामावर जातो. पंच्याहत्तरीच्या माणसाला त्याच जुलाबाने शुष्कता येते आणि दवाखान्यात न्यावं लागतं. शेजाऱ्याने वेळेवर दार वाजवलं तर.

तर या यंत्रात होतं काय? लहरी २४५० मेगाहर्ट्झच्या असतात, लांबी साधारण बारा सेंटिमीटर. पाण्याचे रेणू त्यांच्या तालावर फिरू लागतात आणि त्या घुसळणीतून उष्णता येते. ‘मायक्रोवेव्ह आतून शिजवतो’ हे आपण सगळे ऐकत आलो. ते खरं नाही. लहरी मांसात दोन-तीन सेंटिमीटर जाऊन बऱ्याचशा संपतात. त्यापुढे उष्णता नेहमीसारखी एका थरातून दुसऱ्या थरात हळूहळू सरकत जाते. शिवाय लहरी भिंतींवर आपटून परत येतात, एकमेकींत मिसळतात, आणि पेटीत कुठे तापलेली तर कुठे थंड जागा तयार होतात. काचेची ताटली फिरते ती याचसाठी.

आमच्या दर्शनांत एक जुना वाद आहे, त्याची आठवण इथे होते. कच्चं मडकं भट्टीत भाजून लाल होतं, तेव्हा नेमकं काय भाजतं? वैशेषिक म्हणाले, परमाणू भाजतात. मडकं परमाणूंपर्यंत सुटं होतं, प्रत्येकाचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळतं. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणाले, छे, मडकं मडकंच राहतं. ते सच्छिद्र आहे, उष्णता आत शिरते आणि अख्खं मडकं भाजतं. हा पिठरपाक. (आपल्या पूर्वजांकडे मायक्रोवेव्ह होता, असं यावरून कुणी घरी जाऊन सांगू नये!) आम्हाला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे, की ‘भाजलं’ हा शब्द अख्ख्या वस्तूबद्दल बोलतो, पण ती घटना कणाकणात घडते. चुलीवर हा भेद पुसला जातो, उकळता रस्सा सगळ्यांना सारखं वागवतो. मायक्रोवेव्हमध्ये तो फार महत्त्वाचा होतो. तुकड्याची एक कड कोरडी पडलेली आणि दोन बोटं पलीकडे मांस अजून पन्नास अंशांवर, असं एकाच वाटीत होऊ शकतं. ‘कोंबडी शिजली’ असं एक वाक्य तिथे बोलताच येत नाही. कुठली? कुठे?

आणि खुणा? धूर नाही, तर्री वर येताना दिसत नाही, शिट्टी नाही. शेवटी टिंग वाजतं. लोक ती नवी शिट्टी समजतात. टिंग फक्त एवढं सांगतं की तुम्ही दाबलेली मिनिटं संपली. त्याचा कोंबडीशी काही संबंध नाही.

त्यात आपलं हवामान. २०२४च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं, हे आपण पाहिलंच. आता हे लक्षात घ्या : जिवंत कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं. तिच्या आतड्यात राहणाऱ्या साल्मोनेला जंतूला हीच ऊब मानवते. म्हणजे मे महिन्यात अकोल्यातल्या ओट्यावर ठेवलेली कच्ची कोंबडी त्याच्या दृष्टीने जिवंतच आहे. घर तेच, फक्त राखणदार गेला. थंड देशांत बाहेर ठेवलेल्या मांसाला दोन तासांची मुभा देतात, ३२ अंशांच्या वर एकच तास. आपल्याकडे मार्च ते जून हा एक तासच धरावा. गोठलेली कोंबडी सकाळी ओट्यावर काढून ठेवायची आणि दुपारी शिजवायची, ही सवय वऱ्हाडात चालणार नाही. रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवावी.

दुसरी अडचण विजेची. पारसचं औष्णिक केंद्र अकोला जिल्ह्यात, आणि तरीही भारनियमनाची ती वर्षं वऱ्हाडाने अंधारात काढली. आता तेवढं राहिलं नसलं तरी उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मॅग्नेट्रॉनची ताकद झपाट्याने घटते; दिवा लागतो, ताटली फिरते, टिंगही वाजतं, कोंबडी मात्र अर्धवट तापते. पुस्तकातली मिनिटं २३० व्होल्ट गृहीत धरून लिहिलेली असतात. आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट तापलेलं मांस ‘येईल आता लाइट’ म्हणून तसंच ठेवू नये. लगेच गॅसवर चढवावं.

भीतीचाही एक इतिहास आहे. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातला पहिलाच. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात आला, म्हणजे बुलढाण्याच्या शेजारी. २०२०च्या सुरुवातीला कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवरून पसरली आणि उत्पादन खर्चही निघेना इतका भाव पडला. २०२१च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात पुन्हा बर्ड फ्लू. दर वेळी विदर्भातल्या शेडवाल्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं. दर वेळी जागतिक आरोग्य संघटना एकच गोष्ट सांगत होती : मांसाचा प्रत्येक भाग ७० अंशांवर गेला की बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. पण सत्तर अंश म्हणजे काय, हे घरात कुणाला मोजता येत नव्हतं. मोजता येत नाही तिथे माणूस एक तर सगळंच सोडतो, नाहीतर काहीच मानत नाही. आपल्याकडे दोन्ही झालं, कधीकधी एकाच घरात.

तर मोजायचं कसं? टोकदार सळईचा अन्नाचा तापमापक काहीशे रुपयांत मिळतो. मायक्रोवेव्ह देणाऱ्या मुलांनी तो सोबतच द्यायला हवा होता. सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध, हाडाला न टेकवता खुपसावा आणि दोन-तीन तुकड्यांत बघावं. सगळीकडे ७४ अंश भरले पाहिजेत. रंगावर जाऊ नका. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ मगजाचा रंग उतरतो आणि पूर्ण शिजलेलं मांसही गुलाबी दिसतं; उलट पांढरं दिसणारं कच्चं असू शकतं.

बाकी पद्धत सोपी आहे. कोंबडी नळाखाली खळखळून धुण्याचा आपला आग्रह असतो, पण त्या शिंतोड्यांनी जंतू ओटाभर जातात. शिजताना ते मरणारच आहेत, ओट्यावरच्या कोशिंबिरीतले मात्र मरत नाहीत. हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा. झाडू हातात घेऊन गावं झाडणाऱ्या बाबांना हे पटलं असतं. तुकडे बिनहाडाचे, सारखे, दीड इंचाचे. काचेच्या पसरट भांड्यात कडेने गोल मांडा, मध्ये जागा मोकळी, जाड टोक बाहेरच्या बाजूला. दही, हळद, आलं-लसूण लावून थोडं पाणी शिंपडा. झाकण ठेवा, वाफ जायला फट ठेवा, कारण ती कोंडलेली वाफच थंड जागा भरून काढते. पूर्ण ताकदीवर घाई करण्यापेक्षा मध्यम ताकदीवर जास्त वेळ द्या, आणि निम्म्या वेळाने तुकडे उलटून जागा बदला. अर्ध्या किलोला दहा-बारा मिनिटं लागतील, कमीजास्त. मग झाकण न काढता पाच मिनिटं राहू द्या. ही पाच मिनिटं विश्रांतीची नव्हेत. उष्णता कडेकडून मध्याकडे जाते ती याच वेळात. त्यानंतर सळई.

कालचा रस्सा गरम करतानाही हेच. उथळ भांडं, झाकण, मध्ये ढवळणं, ७४ अंश. मात्र ‘उकळी फोडली की सगळं मरतं’ हे अर्धंच खरं आहे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या रश्श्यात स्टॅफिलोकोकस वाढला असेल तर उकळीने जंतू मरतो, त्याने सोडलेलं विष उरतं. असा रस्सा टाकून द्यावा. टाकवत नाही, हे आम्हाला माहीत आहे. दुष्काळ पाहिलेल्या पिढीचा हात तिथे थबकतो. तेव्हा मुळात जेवण झाल्या झाल्या, तासाभराच्या आत, लहान डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे टाकायची वेळ येत नाही.

चवीचं म्हणाल तर या यंत्राकडून भलती अपेक्षा नको. पाणी असेल तोवर तापमान शंभराच्या फारसं वर जात नाही, आणि भाजल्याचा खमंगपणा येतो तो दीडशेच्या आसपास. तेव्हा सुकं खोबरं, खसखस, कांदा तव्यावरच भाजा, वाटण कढईत तेल सुटेपर्यंत परता, आणि मायक्रोवेव्हमधले तुकडे सुटलेल्या रसासकट त्यात टाकून एक उकळी आणा. गॅसपाशी उभं राहणं पंधरा मिनिटांवर येतं, आणि तर्री येते ती खरी. गावरान कोंबडी मात्र या यंत्रात घालू नये. तिचं चिवटपण मंद आचेवर तासाभराने विरघळतं; दहा मिनिटांत ती सुरक्षित होईल, पण चावता येणार नाही. आणि आमच्या वयात दातांचाही विचार करावा लागतो.

प्रश्न असतील तर विचारा. भीती विकिरणाची असेल तर आधीच सांगतो : दार नीट बसत असेल आणि काचेमागची जाळी शाबूत असेल तर बाहेर येतं ते नगण्य. दार वाकलं असेल तर यंत्र दुरुस्तीला द्या, आणि तोवर कुकर आहेच.