तबकडी घरात, किल्ली परक्या हाती

जून २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेतील अनेक घरांत एकच विचित्र प्रकार घडला. सॅमसंग कंपनीचे ब्ल्यू-रे प्लेअर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. सुरू झाले की काही क्षणांत पुन्हा बंद! रिमोटची बटणे दाबूनही उपयोग होत नव्हता. आदल्या दिवसापर्यंत ही यंत्रे विनातक्रार चालत होती आणि घरातील कोणीही त्यांत काही बिघडवलेले नव्हते. बिघाड आला होता तो बाहेरून, इंटरनेटच्या वाटेने. चित्रपट पाहण्यासाठी घेतलेल्या यंत्राला इंटरनेटशी जोडले की काय होऊ शकते, याचे हे टोकाचे उदाहरण होते. मात्र या जोडणीविषयीच्या कुरबुरी त्याच्या कितीतरी आधी सुरू झाल्या होत्या.

जोडणीची सुरुवात

डीव्हीडी प्लेअरला इंटरनेटची कधी गरज भासली नाही. तबकडी घातली, बटण दाबले की चित्रपट सुरू. २००६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या बाजारात ब्ल्यू-रे प्लेअर आला. त्यातील जांभळट निळ्या लेझर किरणाची तरंगलांबी ४०५ नॅनोमीटर, तर डीव्हीडीच्या लाल किरणाची ६५० नॅनोमीटर. किरण जितका सूक्ष्म तितकी नोंद दाट, त्यामुळे डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ जीबी माहिती मावते, तर ब्ल्यू-रेच्या एका थरावर २५ जीबी.

त्याच वर्षी तोशिबाने एचडी डीव्हीडी हा प्रतिस्पर्धी प्रकार आणला होता. त्याच्या प्रत्येक प्लेअरला इंटरनेटची जोडणी बंधनकारक होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. पण स्पर्धेच्या काळात ब्ल्यू-रेचे नियम टप्प्याटप्प्याने बदलत गेले. सुरुवातीच्या प्लेअरना जोडणी आवश्यक नव्हती. पुढे २००८ मध्ये ‘बीडी-लाइव्ह’ ही सोय आली. त्यासाठी इंटरनेटची जोडणी आणि किमान १ जीबी साठवणक्षमता लागे. काही प्लेअरमध्ये ही साठवण अंगभूत नव्हती. ग्राहकाला यूएसबी ड्राइव्ह वेगळा घेऊन लावावा लागे. दोन वर्षांपूर्वी मोठी किंमत मोजून प्लेअर घेतलेले ग्राहक तर या सोयीला मुकलेच. अपवाद सोनीच्या प्लेस्टेशन ३ चा. त्याला मार्च २००८ मध्ये सॉफ्टवेअर बदलून ही सोय मिळाली.

एवढा खटाटोप करून हाती काय आले? नव्या चित्रपटांच्या झलकी, काही खेळ आणि दूरच्या मित्रांशी चित्रपट पाहता पाहता पडद्यावरच गप्पा मारण्याची सोय. ज्यासाठी तबकडी विकत घेतली, तो चित्रपट मात्र जोडणीशिवायही तितकाच सुंदर दिसत होता.

प्रतीक्षेची कारणे

ब्ल्यू-रे तबकडीवर चित्रपटाबरोबर जावा भाषेत लिहिलेले प्रोग्रामही असू शकतात. मेनू आणि खेळ त्यांच्यावर चालतात. सुरुवातीच्या प्लेअरमधील प्रोसेसर अशा कामाला तोकडे पडत, म्हणून तबकडी आत गेल्यावर बराच वेळ पडदा काळाच राही. त्यात इंटरनेट जोडलेले असेल तर प्लेअर आधी सर्व्हरशी संपर्क साधणार, मग झलकी उतरवून घेणार आणि त्यानंतर चित्रपट सुरू होणार!

दुसरे कारण नकलेला आळा घालणाऱ्या संरक्षणाचे. बीडी-प्लस ही सुरक्षाप्रणाली असलेल्या पहिल्या तबकड्या ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेत आल्या, तेव्हा काही प्लेअरवर त्या नीट चालेनात. कंपन्यांनी नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्राचे अंतर्गत सॉफ्टवेअर दिल्यावरच मार्ग निघाला. म्हणजे पैसे मोजून अस्सल तबकडी आणणाऱ्यालाच अडचण सोसावी लागली.

आपल्याकडे ही प्रतीक्षा अधिकच लांबली असती. भारतात २००४ पासून २०१३ पर्यंत ब्रॉडबँडची किमान गती सेकंदाला २५६ किलोबिट मानली जात होती. या गतीने १०० एमबीची फाइल उतरवायला सुमारे ५२ मिनिटे लागतात. आणि फर्मवेअर बदलत असताना वीज गेली तर यंत्र कायमचे निकामी होण्याची भीती. भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्राला हा धोका समजावून सांगण्याची गरज नाही.

सर्व्हर बंद, सोय बंद

पुढे प्लेअरमध्येच यूट्यूबसारख्या सेवा आल्या. ग्राहकाला वाटले, या सेवा यंत्राबरोबर विकत मिळाल्या. प्रत्यक्षात त्या दुसऱ्याच्या मर्जीवर होत्या. २० एप्रिल २०१५ रोजी यूट्यूबने आपली जुनी प्रणाली बंद करण्यास प्रारंभ केला आणि २०१२ पर्यंतच्या अनेक टीव्ही संचांवर व ब्ल्यू-रे प्लेअरवर यूट्यूब दिसेनासे झाले. यंत्र धडधाकट होते, पण त्यातील एक सोय निकालात निघाली.

२०२० मध्ये तर सोयच नव्हे, यंत्रच बंद पडले. तंत्रज्ञांनी केलेल्या विश्लेषणानुसार कारण क्षुल्लक होते. यंत्राने कोणत्या नोंदी ठेवाव्यात, हे सांगणारी एक छोटी फाइल प्लेअरने सर्व्हरवरून उतरवून घेतली आणि आपल्या स्मृतीत साठवली. तिच्या रचनेत दोष होता. प्लेअर सुरू होताच ती वाचायला जाई आणि कोलमडे. पुन्हा सुरू झाला की पुन्हा तीच फाइल. इंटरनेटशी संपर्क होण्याआधीच सारे कोसळत असल्याने दुरुस्त फाइल पाठवण्याची वाटही बंद झाली होती. अखेर कंपनीने यंत्रे टपालाने मागवून विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले. ज्यांनी प्लेअर इंटरनेटला कधी जोडलाच नव्हता, त्यांच्यापर्यंत ही फाइल पोहोचण्याचे कारण नव्हते.

ग्राहकांनी काय करावे?

* केवळ तबकड्या पाहायच्या असतील तर प्लेअर इंटरनेटपासून दूर ठेवावा. मेनूमध्ये बीडी-लाइव्ह बंद करण्याचा पर्याय असल्यास तो निवडावा.
* नवी तबकडी चालत नसेल तरच फर्मवेअर बदलावे. आपल्या मॉडेलसाठीची फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून संगणकावर घेऊन यूएसबी ड्राइव्हने टाकता येत असल्यास ते अधिक चांगले. वीज खंडित होणार नाही, अशी वेळ निवडावी.
* परदेशातील नातेवाइकांकडून तबकडी मागवताना विभाग तपासावा. अमेरिका ‘ए’ विभागात, तर भारत ‘सी’ विभागात येतो. नेहमीचे फर्मवेअर बदलून हे बंधन सुटत नाही. अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे तबकड्यांना विभागाची अट नाही.
* यूट्यूबसारख्या सेवांसाठी स्वतंत्र, स्वस्त उपकरण वापरावे. ते जुने झाले तर बदलता येते. प्लेअर तसाच राहतो.

शेवटचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण प्लेअर बनवणारेच कमी होत चालले आहेत. ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर आणणे थांबवले. निर्माताच बाजूला झाला की नवे फर्मवेअर कोण देणार? तबकडीचे मोल हेच की ती आपल्या मालकीची असते आणि पाहताना कोणाची परवानगी लागत नाही. ते मोल टिकवायचे, तर इंटरनेटची तार वेळीच काढून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.