घर सोडणाऱ्या पेशी : कोंबडीच्या अंड्यापासून कर्करोगापर्यंत

१/ सन १८६८. स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस कोंबडीच्या अंड्यातील कोवळ्या गर्भाचे निरीक्षण करत होते. मेंदू व मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी आणि भावी त्वचा यांच्या दरम्यान त्यांना पेशींचा एक अरुंद पट्टा आढळला.

२/ या पट्ट्यातील पेशी जागेवर राहत नाहीत, हे पुढील संशोधकांनी दाखवले. मूळ थर सोडून त्या दूरवर जातात. चेहऱ्याची अनेक हाडे आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्यांच्यापासूनच घडतात. प्रश्न उरला तो एवढाच : शेजारच्या पेशींना घट्ट बिलगलेली पेशी सुटते कशी?

३/ १९८२ साली हार्वर्डमधील एलिझाबेथ हे व गॅरी ग्रीनबर्ग यांनी डोळ्याच्या भिंगावरील पेशींचा थर कोलॅजेनच्या जेलमध्ये ठेवला. काही पेशी लांबट झाल्या, थरापासून अलग झाल्या आणि जेलमधून सरकू लागल्या. हे केवळ गर्भाच्या नव्हे, तर प्रौढ पेशींतही घडले. पूर्ण घडलेली पेशी आपले रूप बदलत नाही, या समजाला त्यामुळे तडा गेला.

४/ पेशींना परस्परांशी सांधणारी ‘कॅडहेरिन’ प्रथिने जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी शोधली होती. १९९४ मध्ये अँजेला निएतो व सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भात ‘स्लग’ या जनुकाचे कार्य रोखले, तेव्हा पेशींना मूळ थर सोडता येईना.

५/ २००० साली माद्रिद व बार्सिलोना येथील दोन गटांनी दुवा जोडला. त्याच कुळातील ‘स्नेल’ जनुक कर्करोगाच्या पेशींत ई-कॅडहेरिनची निर्मिती थांबवते, असे त्यांना आढळले. सांधा सुटला की पेशी मोकळी होते. गर्भ घडवणारी यंत्रणाच गाठीतील पेशी पुन्हा वापरत होत्या.

६/ परंतु वाद मिटला नाही. २०१५ मध्ये उंदरांवरील दोन अभ्यासांनी दाखवले की, या रूपांतराविनाही कर्करोग पसरू शकतो. मात्र रूपांतरित पेशी औषधांना अधिक दाद देत नाहीत. शिवाय हे रूपांतर उलटही फिरते : नव्या अवयवात पोहोचलेली पेशी पुन्हा मूळ रूप धारण करू शकते.

७/ कर्करोगाचे बहुतांश बळी मूळ गाठ नव्हे, तर तिचा प्रसार घेतो. म्हणूनच हिस यांच्या त्या अरुंद पट्ट्यापासून सुरू झालेला प्रश्न आज औषधसंशोधनाच्या केंद्रस्थानी आहे.