उमेदवाराने धंदा लपवला असेल तर तक्रार कुठे करायची?

निवडणूक लागली की आमच्याकडे हमखास एक प्रश्न येतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे होमस्टे आणि लॉज वाढले आहेत. अमक्याच्या लॉजला गुमास्ता नाही, मग त्याचा उमेदवारी अर्ज बाद होईल का? आम्ही सांगतो, नाही होणार.

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याचा कागद. 2017 च्या कायद्याने ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि तेवढे किंवा अधिक असतील तर नोंदणी करायची. दोन्हीला मुदत 60 दिवस. भागीदारी फर्मची नोंदणी 1932 च्या कायद्याने सक्तीचीही नाही. फक्त नोंदणी नसलेल्या फर्मला आपल्या करारासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. म्हणजे नोंदणीतली कसूर हा कामगार खात्याचा किंवा व्यवहाराचा विषय. निवडणुकीत प्रश्न वेगळा असतो: धंद्यातला हिस्सा शपथपत्रात दाखवला का?

याचा धडा आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यातच आहे. 2004 मध्ये अंबरनाथमधून निवडून आलेले किसन कथोरे यांच्या शपथपत्रात पत्नीच्या नावचा बंगला, वाहन आणि ते भागीदार असलेल्या फर्मची माहिती नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2014 रोजी ते कायम ठेवले. वीजबिलाची थकबाकीही लिहिलेली नव्हती, पण तिच्याबद्दल वाद होता, म्हणून न्यायालयाने ती गंभीर चूक धरली नाही. मालमत्ता मात्र गंभीर धरली. आम्हाला खटकते ते एवढेच की त्या विधानसभेची मुदत 2009 मध्येच संपली होती.

2024 मध्ये अरुणाचलच्या कारिखो क्री प्रकरणात न्यायालयाने उलट बाजूही सांगितली: प्रत्येक किरकोळ वस्तू लिहिली नाही म्हणून निवडणूक जात नाही. तेव्हा कुणाच्या जुन्या स्कूटरसाठी वकील लावू नका.

छाननीच्या दिवशी हरकत जरूर घ्या, पण निवडणूक निर्णय अधिकारी तिथे सखोल चौकशी करू शकत नाही, हे कथोरे निकालातही मान्य केले आहे. खरा मार्ग निवडणूक याचिकेचा. ती उच्च न्यायालयात, निकालापासून 45 दिवसांत. कोणताही मतदार करू शकतो. दिवस उलटला तर कितीही पक्का पुरावा असो, उपयोग नाही. खोट्या शपथपत्रासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ती तक्रार फौजदारी न्यायालयात.

ग्रामपंचायतीचा रस्ता निराळा, आणि आपल्या वस्त्यांना तोच अधिक लागतो. सदस्याचा पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असेल, तर 1958 च्या कायद्याचे कलम 14 त्याला अपात्र करते. गटाराचे काम भावाच्या नावावर आणि पैसा सदस्याच्या घरात, हे 'अप्रत्यक्ष' मध्ये येऊ शकते, पण सिद्ध करावे लागते. वाद कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्यासाठी अलिबागला.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी 'सगळ्या गावाला माहीत आहे' इथेच संपतात. त्याऐवजी शपथपत्राची प्रत, सातबारा किंवा घरपट्टीचा उतारा आणि भागीदारी नोंद कार्यालयातली फर्मची नोंद जोडा. ही नोंदवही फी भरून कुणालाही पाहता येते. या कागदांवरची नावे आणि तारखा शपथपत्राशी जुळतात का, हे वकिलाकडे जाण्याआधी घरी बसून ताडून घ्या.