नाडा आणि सोंदूर

मोट म्हटली की लोकांना मोटेवरची गाणी आठवतात. मला आठवतात तिच्या कड्याला दोर बांधणारे हात.

मोट ही बैलांनी ओढायची कातडी पिशवी. तोंडाला लोखंडी कडे, खाली लांब सोंड. ढोराने कमावलेले कातडे चांभार कड्यावर दुमडून वादीने शिवी. कड्याला जाड नाडा, सोंडेच्या टोकाला बारीक सोंदूर. नाडा उंचावरच्या चाकावरून जाई, सोंदूर खालच्या कण्यावरून. दोन्हींची टोके जुवाला. मोट वर येताना सोंड दुमडून कड्याच्या बरोबरीने उभी राही, म्हणून पाणी सांडत नसे. काठाशी आल्यावर कडे चाकाकडे चढे, सोंड कण्यावरून थारोळ्यात ओढली जाई आणि मोट आपोआप रिती होई.

सारे गणित या दोन दोरांच्या लांबीत होते. सोंदूर सैल पडला, तर सोंड लोंबून पाणी परत विहिरीत. आखूड झाला, तर भार सोंडेवर येऊन शिवण उसवे. नवा नाडा ओझ्याने ताणतो, म्हणून चार दिवसांनी गाठी सोडून पुन्हा बांधाव्या लागत.

अंबाडीचे, केकताडाचे दोर वळणे हे मातंगांचे काम. बलुतेदारीची ही घडी त्र्यं. ना. आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त तपशिलाने मांडली आहे. आमच्या मळ्यात एक वृद्ध मातंग नाडा बांधायला येत. आम्ही मुले त्यांना तात्या म्हणत असू. “दोगं भावावानी वडलं पायजेत,” एवढेच ते सांगत आणि दोन्ही दोर हाताने तोलून पाहत. काम संपल्यावर ते थारोळ्यापासून दूर ओंजळ धरून बसत. आमची आजी वरून पाणी ओती. त्यांनी वळलेला नाडा दिवसभर त्याच विहिरीत बुडत असे. ढोराचे कातडे, चांभाराची शिवण, मातंगाचा दोर यांतून आलेले पाणी सगळ्यांना चाले. ते आणणारे हात तेवढे चालत नसत. यात काही विसंगत आहे, असे तेव्हा आमच्या घरात कोणालाच वाटले नाही, मलाही नाही.

वास्तविक आमच्याच भागात, निपाणीस, १९२५ साली डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृत परिषद भरली होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. त्याआधी १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपला हौद खुला केला होता. आमच्या थारोळ्यापर्यंत यायला त्या विचाराला फार वेळ लागला.

त्याच्या आधी इंजिन आले. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ साली पुण्यात तेलाच्या इंजिनांची कंपनी काढली. पुढे मळ्यामळ्यांत इंजिने वाजू लागली आणि नाडा लागेनासा झाला. तात्यांचे येणे थांबले. त्यांच्या घरी कोणी चौकशीला गेल्याचे मला आठवत नाही.

परवा एका हॉटेलच्या दारात शोभेची मोट पाहिली. कातडे चकचकीत, कड्याला नायलॉनची दोरी. सोंदूर नव्हताच.