वारा तोच, खांब उंच

भारताच्या पवनऊर्जेच्या क्षमतेचे सरकारी आकडे एकाखाली एक लिहून पाहिले, की वाचणारा चक्रावून जातो. २०१०च्या राष्ट्रीय पवन-नकाशासंग्रहाप्रमाणे जमिनीपासून ५० मीटर उंचीवर ही क्षमता सुमारे ४९ हजार मेगावॉट होती आणि ८० मीटरवर सुमारे १ लाख ३ हजार. २०१९च्या मूल्यमापनात १२० मीटर उंची धरली, तेव्हा हाच आकडा ६ लाख ९५ हजारांवर गेला. महाराष्ट्राचे आकडे तर याहून नवलाचे आहेत. ८० मीटरवर सुमारे ६ हजार मेगावॉट आणि १२० मीटरवर सुमारे ९८ हजार! नऊ वर्षांत सह्याद्रीवरचा वारा सोळा पटींनी वाढला नाही, हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ नको. मग वाढले काय? या प्रश्नाचा माग काढत गेले, की ऊन आणि वारा मोजण्याचा आपल्याकडचा दीड शतकाचा इतिहास हाती लागतो. त्यातले एक महत्त्वाचे प्रकरण पुण्यात घडले आहे.

हवामानाची पद्धतशीर नोंद आपल्याकडे सुरू झाली ती जहाजे, शेतसारा आणि दुष्काळ यांच्या काळजीपोटी. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ची, तर भारतीय हवामान खाते १८७५चे. वाऱ्याची दिशा आणि वेग टिपायचा तो वादळाची चाहूल लागावी म्हणून, आणि मोसमी पाऊस कुठवर पोहोचला हे कळावे म्हणून. वाऱ्यातून काही मिळवायचे आहे, ही कल्पना त्या वह्यांमध्ये नव्हती. उन्हाचेही तसेच. वेधशाळेच्या अंगणात एक भरीव काचेचा गोळा ठेवलेला असे. त्यातून एकवटलेले किरण मागच्या कागदी पट्टीवर जळकी रेघ उमटवत. ढग आला की रेघ तुटे. दिवस मावळल्यावर पट्टी काढायची, रेघेची लांबी मोजायची आणि आज ऊन किती तास होते ते वहीत लिहायचे. ऊन किती वेळ होते हे त्यातून कळे. ते किती प्रखर होते हे मात्र ही रेघ नेमके सांगू शकत नसे.

१९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. पुणेकरांनी त्या इमारतीला ‘शिमला ऑफिस’ म्हणायला सुरुवात केली, आणि मुख्यालय पुढे दिल्लीला गेले तरी चौकाचे नाव आजही तेच आहे. वेधशाळेच्या अंदाजांवर विनोद करणे हा आम्हा पुणेकरांचा जुना छंद. परंतु त्याच आवारात देशाच्या सौरऊर्जेची पहिली भरवशाची मोजदाद आकाराला आली, हे आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

या मोजदादीच्या केंद्रस्थानी होत्या अ‍ॅना मणी. त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडे इथे १९१८ साली त्यांचा जन्म झाला. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणिक यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन केले. पुढे शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन त्या हवामानशास्त्रीय उपकरणांचे तंत्र शिकल्या आणि १९४८ साली पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणेसुद्धा परदेशातून येत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनवण्याची वाट मोकळी केली. १९५३मध्ये विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. उपकरण चुकीचे मोजत असेल तर ते नसलेलेच बरे, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते असे मला वाटते.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष. त्या निमित्ताने मणी यांनी देशात सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. इथे काचेच्या गोळ्याची जागा पायरॅनोमीटरने घेतली. काचेच्या दोन घुमटांखाली एक काळी चकती असते. ऊन पडले की ती तापते, आणि त्या तापण्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतदाब उन्हाची प्रखरता सांगतो. उपकरण साधे असले तरी त्याची निगा कडक ठेवावी लागते. घुमटावर धूळ बसली, दव साठले, बैठक थोडी कलली किंवा प्रमाणीकरण लांबले, की आकडा बिघडतो. आणि तो बिघडला आहे हे वही पाहून कळत नाही. म्हणून सगळी उपकरणे एका प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहावी लागतात. आशियासाठीचे असे एक प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे.

१९७३च्या तेलसंकटानंतर या वह्यांना एकदम वेगळे मोल आले. १९७६ साली मणी उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर त्यांनी जे केले ते अनेकांच्या उभ्या नोकरीत होत नाही. १९८० साली भारतातील सौरप्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा संदर्भग्रंथ आला. दोनच वर्षांत त्याच विषयाचा पुढचा ग्रंथ आणि १९८३मध्ये पवनऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ आला. याच सुमारास, १९८२ साली, केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग काढला. सौर पंप किंवा पाणी तापवायचे यंत्र आखणाऱ्या अभियंत्याला आता आपल्या गावाजवळच्या केंद्राचे महिनावार ऊन पाहता येत होते.

वाऱ्याचा हिशेब मात्र इतका सरळ नव्हता. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ५ मीटरचा वारा आणि ६ मीटरचा वारा यांत आपल्या गालाला फारसा फरक जाणवत नाही, पण शक्तीचे प्रमाण १२५ला २१६ असे पडते. वेगाचे मोजमाप दहा टक्क्यांनी कमी आले, तर शक्तीचा अंदाज सत्तावीस टक्क्यांनी खाली येतो. आणि जुन्या वेधशाळांचे वायुवेगमापक होते कुठे? बहुतेक गावात, जमिनीपासून दहा मीटरच्या आसपास. सभोवती झाडे वाढली, घरे उठली, आणि नोंदीतला वारा वर्षागणिक मंदावत गेला. हवामानाच्या अंदाजाला हे चालून गेले असेल, पण पवनचक्कीसाठी या वह्यांवर विसंबणे धोक्याचे होते. वारा नाही असे वही सांगत होती, आणि वारा शेजारच्या पठारावर घोंघावत होता.

त्यामुळे नव्याने मोजणे भाग होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे एक क्षेत्रीय केंद्र बंगळूरला होते. तिथून मणी यांच्या नेतृत्वाखाली पवन-सर्वेक्षण सुरू झाले. खिंडी, कडे, उघडी पठारे, समुद्रकिनारे असे नेमके ठिकाण शोधायचे, २०-२५ मीटर उंचीचे खांब रोवायचे आणि निदान वर्षभर ताशी नोंद घ्यायची, असे ते काम होते. त्याचे खंड नव्वदच्या दशकात प्रसिद्ध होत राहिले. सह्याद्रीच्या रांगेला जिथे खिंड पडते तिथे मोसमी वारा दाटीने घुसतो. तमिळनाडूतल्या आरलवायमोळी खिंडीजवळचे मुप्पंदल त्यामुळेच पवनचक्क्यांचे गाव झाले. आपल्याकडे साताऱ्याजवळ वनकुसवड्याचे पठार आणि धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल ही नावे याच अर्थाने नकाशावर आली. या वाऱ्याचा आणखी एक गुण असा, की आषाढ-श्रावणात ढगांमुळे ऊन उणावते नेमके तेव्हाच तो भरात असतो.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. उंची वाढते तसा जमिनीचा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. नेहमीच्या ठोकताळ्याप्रमाणे ५० मीटरवरून १०० मीटरवर गेले की वेग सुमारे दहा टक्क्यांनी आणि शक्ती सुमारे पस्तीस टक्क्यांनी वाढते. पण एवढ्याने आकडा सोळा पट होत नाही. वाढीचा दुसरा भाग जमिनीच्या हिशेबात दडलेला आहे. २०१०च्या अंदाजात बहुतेक राज्यांत दोन टक्के जमीन मिळेल, असे ढोबळपणे धरले होते. नंतरच्या अंदाजांत जमिनीच्या वापराचे नकाशे घेतले. त्यानुसार, जिथे वारा पुरेसा आहे तिथल्या पडीक जमिनीपैकी ८० टक्के, लागवडीच्या जमिनीपैकी ३० टक्के आणि वनजमिनीपैकी ५ टक्के उपलब्ध आहे असे मानले. सौरऊर्जेची देशाची ७४८ गिगावॉट ही पूर्वी अंदाजलेली क्षमतासुद्धा पडीक जमिनीपैकी ३ टक्के भागावर पट्ट्या बसतील, या गृहीतकावर उभी होती.

म्हणजे क्षमतेच्या आकड्यात दोन वह्या एकत्र येतात. पहिली वायुवेगमापकाची. ती नीट राहावी म्हणून मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घुमटावरची धूळसुद्धा हिशेबात घेतली. दुसरी वही जमिनीची, आणि तिच्यात ‘पडीक’ हा एकच शब्द असंख्य गोष्टी झाकून टाकतो. धनगराची मेंढरे ज्यावर चरतात ते माळरान पडीक. गावाचे गायरान पडीक. माळढोकाचा अधिवासही पुष्कळदा पडीकच. राजस्थान-गुजरातेतल्या वीजवाहिन्या आणि माळढोक यांचा वाद २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत गेला आणि २०२४मध्ये तो आदेश बदलावा लागला, त्यामागे ही दुसरी वही कच्ची असणे हेही एक कारण आहे असे मी मानतो.

हे म्हणताना सौर किंवा पवन ऊर्जेला विरोध करण्याचा माझा हेतू नाही. कोळशाची किंमत चंद्रपूरच्या हवेने मोजली आहे. मुद्दा मोजण्याच्या शिस्तीचा आहे. २०११पासून देशात सौरप्रारण मोजणारी स्वयंचलित केंद्रे नव्याने उभी राहिली, पहिल्या टप्प्यात ५१; आज उपग्रहही ऊन मोजतात. तरीही उपग्रहाचा आकडा खरा की नाही हे शेवटी जमिनीवरच्या पुसून स्वच्छ ठेवलेल्या घुमटाशी ताडूनच ठरते. जमिनीच्या वहीला असा ताडा कोणी लावायचा? तलाठ्याच्या दप्तरात पडीक लिहिलेल्या गटावर कोण चरते, कोण सरपण गोळा करते, कोणता पक्षी अंडी घालतो, याची वर्षभराची नोंद घेणारा खांब अजून कोणी रोवलेला नाही.

अ‍ॅना मणी २००१च्या ऑगस्टमध्ये तिरुवनंतपुरमला वारल्या. आज ऊर्जेचे करार हजारो मेगावॉटच्या भाषेत होतात आणि त्यांच्या तळाशी कुठेतरी त्यांच्या वह्यांतले तास, अंश आणि वेग असतात. क्षमतेचा पुढचा मोठा आकडा वर्तमानपत्रात येईल तेव्हा वाचकाने एवढेच विचारावे: किती उंचीवरून मोजला, आणि कोणाची जमीन मोकळी धरली?